पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलेली 'बनगरवाडी'

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी पाठवलेली माझी कथा साभार परत आली. सोबतच्या चिठ्ठीत संपादकांनी एकच वाक्य लिहिले होते: तुमच्या कथेतला दुष्काळ कळतो, पण दिसत नाही. ते वाक्य मला लागले, कारण ते खरे होते. ते मनात घोळवत असताना व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आठवली. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही छोटी कादंबरी मी महाविद्यालयात असताना एका रात्रीत वाचून संपवली होती. ती मला अतिशय आवडली होती, एवढे ठामपणे सांगता येत होते. पण तिच्यातला दुष्काळ लेखकाने नेमका कसा उभा केला आहे, असे कोणी विचारले असते तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याला लिहायचे आहे त्याने अशा रीतीने वाचणे पुरेसे नाही, हे तेव्हा प्रथमच जाणवले.

मग ती पुन्हा वाचायला घेतली. प्रत वाचनालयाची असल्यामुळे समासात खुणा करण्याचा प्रश्नच नव्हता. जिथे थांबावेसे वाटले तिथे कागदाची चिठ्ठी ठेवायची आणि का थांबलो ते वहीत लिहायचे, असा क्रम ठेवला.

पहिलीच नोंद निवेदकाविषयी आहे. माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला एक तरुण मास्तर ही सगळी हकिकत सांगतो. तो बाहेरून आलेला असल्यामुळे तिथली माणसे, मेंढरे, रीतिरिवाज आणि बोलणे त्याला जसजसे उमगत जाते, तसतसे ते आपल्यालाही उमगते आणि लेखकाला वेगळी माहिती पुरवावी लागत नाही. माझ्या कथेत मात्र गावातच जन्मलेला माणूस आपल्याच गावाची माहिती पानभर सांगत बसला होता. जे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे ते तो कोणाला आणि कशासाठी सांगतो आहे, हा प्रश्न लिहिताना मला एकदाही पडला नव्हता.

सर्वांत जास्त वेळ मी शेकूच्या प्रसंगापाशी थांबलो. नांगराला जुंपायला दुसरा बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः जुवाखाली खांदा देते, हा प्रसंग वाचलेला माणूस तो विसरत नाही. पहिल्या वाचनात पुढे काय होते या घाईत मी तो भरभर ओलांडला होता. या वेळी तो चार वेळा वाचला आणि प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहिला: इथे दिसते काय आणि सांगितले आहे काय? उत्तरांच्या दोन रकान्यांपैकी दिसण्याचा रकाना भरत गेला आणि दुसरा जवळजवळ रिकामा राहिला. गरिबी, कष्ट, बायकोची माया यांपैकी कशाचाही उच्चार करण्याची लेखकाला गरज पडत नाही, कारण एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला बाई हे चित्रच पुरेसे आहे. हे सारे वहीत मांडताना प्रसंगाची गोडी कमी होईल अशी मला भीती होती. प्रत्यक्षात डोळ्यांत पाणी आले ते या वेळी. पहिल्या वेळी आले नव्हते.

शेवटाकडे पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात, माणसे वस्ती सोडतात आणि अखेर मास्तरही निघतो. आधीच्या पानांतून एकेक माणूस ओळखीचा करून ठेवला नसता, तर वस्ती ओस पडण्याचे मला काहीही वाटले नसते. दुष्काळाचे वर्णन दुष्काळापासून सुरू होत नाही, ही या वाचनातली माझी सर्वांत मोठी कमाई.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली आणि ती मोठ्याने वाचायचे ठरवले. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहा-वाचायला शिकल्या, आणि त्यांचे गद्य कानाला आधी पटते, असे माझे मत आहे. रोज संध्याकाळी आईला दोन-चार पाने वाचून दाखवत असे. आई कुठे हसते याकडे लक्ष ठेवू लागलो, तेव्हा ती बहुतेक वेळा वाक्याच्या अगदी टोकाला हसते असे आढळले. मराठीत क्रियापद शेवटी येते, हे व्याकरण म्हणून मी शाळेतच शिकलो होतो; पण त्यामुळे वाक्यातला सगळा ताण शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवता येतो, हे आईच्या हसण्यामुळे कळले. माझी स्वतःची वाक्ये मोठ्याने वाचून पाहिली, तर मुख्य गोष्ट मध्येच सांगून झालेली असे आणि पुढे नुसती शेपटी लोंबत राही. महिनाभर चाललेल्या त्या वाचनात आम्हा दोघांनाही जो आनंद मिळाला, तो एकट्याने मनात वाचून मला कधीच मिळाला नव्हता.

अर्थात प्रत्येक पुस्तक असे वाचावे असे मी म्हणणार नाही. पहिले वाचन मी आजही वही बाजूला ठेवून, कथेच्या ओढीनेच करतो. ज्या पुस्तकाने तेव्हा धरून ठेवले नाही, त्याची चिरफाड करण्यात मला रस नाही.

परत आलेली कथा आता पुन्हा लिहिली आहे. गावाच्या माहितीचे ते पान काढून टाकले, तसाच टँकरच्या रांगेचा लांबलचक परिच्छेदही काढला. त्याऐवजी पहिल्याच पानावर आजी जेवून उठते आणि हात धुवायला मोरीकडे न जाता अंगणातल्या तुळशीपाशी जाते.