भोवरा

जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर कोकलत असतं आणि वस्तरा टाळूवरून मागे सरकला की बायकांची नजर आधी जाते भोवऱ्यावर. एकच असला तर कुणी काही बोलत नाही. दोन दिसले की आजी म्हणणारच, "दोन लग्नं करतंय बघ हे!" बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, हा विनोद ठरलेला. बैलबाजारात मात्र त्याचा विनोद राहत नाही. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत खोंड घ्यायला आलेला माणूस दात बघतो, खूर बघतो आणि मग कपाळावर, पाठीवर, वशिंडाच्या मागे बोटं फिरवत भोवरे शोधतो. जागा वाईट निघाली की धडधाकट जनावराची किंमत उतरते. बैलाला यातलं काहीच ठाऊक नसतं.

अंधश्रद्धा म्हणून हे सगळं झटकून टाकायला आपण मोकळे. पण जनावरांच्या वागण्याच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अमेरिकेतली गुरं तपासली, तेव्हा डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली जनावरं अडकवून धरल्यावर जास्त बिथरताना दिसली. लग्नांबद्दल तसं काही हाती लागलेलं नाही.

माणसाच्या डोक्यावरची ही मांडणी गर्भाच्या साधारण दहाव्या ते सोळाव्या आठवड्यात ठरते. त्या वेळी टाळूखालचा मेंदू भराभर वाढत असतो आणि टाळूची कातडी ताणली जात असते. मेंदूची वाढ खुंटलेल्या बाळांत भोवरा सरकलेला, कधी नीट न उमटलेला आढळतो. बाळाला तपासताना डॉक्टरही डोक्यावरून बोट फिरवतात ते काही उगीच नाही.

केस तिरका का उगवतो हे उंदराच्या गर्भात चांगलं बघता येतं. केसाच्या मुळाची पहिली गाठ अगदी सरळ असते, सगळ्या बाजूंनी सारखी. मग तिच्या पुढच्या आणि मागच्या पेशी वेगवेगळ्या वागू लागतात आणि गाठ आत उतरता उतरता कलते. बुडखा डोक्याकडे, टोक शेपटीकडे. मांजराच्या पाठीवरून हात उलटा फिरवला की ते पंजा काढतं, ते या कलामुळे.

पण शेपटी कुठल्या बाजूला, हे कातडीतल्या एवढ्याशा पेशीला कळतं कसं? तिच्या मागच्या कडेला फ्रिझल्ड-६ नावाचं प्रथिन गोळा होतं, पुढच्या कडेला वँगल-२. त्यामुळे दोन पेशी जिथे भिडतात तिथे एकीचं फ्रिझल्ड आणि दुसरीचं वँगल समोरासमोर येतात. सेल्सर-१ हे तिसरं प्रथिन दोन्हीकडून बाहेर येऊन एकमेकांना धरून ठेवतं. पंगतीत केळीच्या पानाचा शेंडा कुठल्या हाताला करायचा हे माणूस शेजारच्याचं पान बघून ठरवतो, तसंच हे.

पेशी विभागायला लागली की तर कमालच. विभागताना ती गोल होते, म्हणजे तिला पुढची-मागची कडच उरत नाही. अशा वेळी हे सगळं सामान ती कडेवरून उचलून आत घेते, दोन्ही लेकींना सारखं वाटते, आणि लेकी आपापल्या शेजाऱ्यांकडे बघून ते पुन्हा जागच्या जागी लावतात. हे सामान आत गेलंच नाही, तर जुनी खूण भलत्याच कडेला राहते आणि दिशा बिघडते.

फ्रिझल्ड-६ काढून टाकलेल्या उंदरांच्या पायांवर आणि डोक्यावर भलतेच भोवरे येतात. फळमाशीच्या पंखावर याहून चमत्कारिक प्रकार दिसतो. फ्रिझल्ड नसलेल्या पेशींचा एक ठिपका तयार केला, तर त्याच्या कडेच्या धडधाकट पेशींचे केसही त्या ठिपक्याकडे वळतात. त्यांच्यात दोष काहीच नसतो. शेजार तेवढा बिघडलेला. वँगलचं मूळ जनुकही माशीतच सापडलं. बिघाड झालेल्या पंखावरचे केस चित्रातल्या फटकाऱ्यांसारखे घुमलेले दिसले, म्हणून त्याला व्हॅन गॉग या चित्रकाराचं नाव दिलं. कानात आवाज टिपणाऱ्या पेशींवरचे बारीक केसांचे झुबके एका दिशेला तोंड करून उभे राहतात, तेही याच मंडळींच्या जिवावर.

केस वाकडे आले तर कंगवा आहे. पण हीच प्रथिनं त्याच्या कितीतरी आधी पाठीच्या कण्याच्या जागी कामाला लागलेली असतात. तिथल्या पेशी कडेकडून मधल्या रेषेकडे एकमेकींत घुसतात, त्यामुळे रुंद पट्टा अरुंद आणि लांब होतो. मग त्याच्या दोन्ही कडा उचलून वर जुळतात आणि मज्जारज्जूची नळी बंद होते. वँगल-२ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या उंदरात पट्टा रुंदच राहतो, कडा लांब पडतात, आणि नळी मेंदूच्या मागच्या भागापासून शेपटीपर्यंत उघडी राहते. माणसातही नळी उघडी राहिलेल्या काही बाळांमध्ये या गटातल्या जनुकांचे बिघाड सापडले आहेत.

माणसाच्या गर्भात ही नळी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. त्या वेळी पाळी जेमतेम दोन आठवडे चुकलेली असते. सुनेला अजून खात्री नसते आणि सासूच्या कानावर गोष्ट जायची असते. फॉलिक आम्ल सगळ्या कारणांवर चालत नाही, पण नळी उघडी राहण्याचा धोका ते बराच कमी करतं. रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि तेही दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. तिसरा महिना लागल्यावर, ओटी भरायच्या गोष्टी निघाल्यावर सुरू केलेल्या गोळीला त्या नळीसाठी काहीच करता येत नाही.