पेन खाली ठेवा

मुलाखतीला येणाऱ्या उमेदवाराच्या हातात प्लॅस्टिकची फाइल असते. तिच्यात एसएसएलसीपासूनची, म्हणजे दहावीपासूनची, सगळी मार्कशीटं आणि सर्वांत वर लॅमिनेशन केलेलं एखादं प्रमाणपत्र. आमच्या कॉलेजच्या लेखन केंद्रातल्या जागेसाठी त्यातलं फारसं काही कामाचं नसतं, तरी आम्ही फाइल चाळतो. समोरच्याला बरं वाटतं.

लेखन केंद्र म्हणजे काय, हे आधी समजावून सांगावं लागतं. ऑफिसातल्या क्लार्कची अजून समजूत आहे की तिथं हस्ताक्षर सुधारून मिळतं. अमेरिकेतल्या कॉलेजांत ही सोय जुनी. पर्ड्यू विद्यापीठाची लेखन प्रयोगशाळा १९७६ सालची. अशा केंद्रांचा रिवाज साधा असतो. मुलानं आपलं लिखाण घेऊन यायचं, शक्यतो स्वतःच मोठ्यानं वाचायचं, पेनही त्याच्याच हातात. समोर बसलेल्यानं प्रश्न विचारायचे. काय म्हणायचंय, कुणाला, आधी काय यायला हवं, हे ठरल्यावर मग व्याकरण. दुरुस्त करून हातात ठेवायचं नाही. मास्तरकीचं रक्त असलेल्या माणसाला हे भयंकर जड जातं.

त्यात आमची मुलं खानापूर, निपाणीकडची. घरात मराठी, दहावीपर्यंत शाळा मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, आणि डिग्रीचा पेपर इंग्रजीत. वाक्य तिन्ही गावांचं पाणी पिऊन कागदावर येतं. ते पाहिलं की लाल पेनाला सुरसुरी येतेच.

आवडता लेखक कोण, हा प्रश्न आम्ही बंद केला. बेळगावात उत्तर ठरलेलं, जी. ए. कुलकर्णी. धारवाडला इंग्रजी शिकवत मराठीत कथा लिहिणारा माणूस, त्यामुळे अभिमान रास्तच. पण ‘कुठली कथा?’ म्हटलं की उमेदवार छताकडे बघतो आणि अवघडायला होतं आम्हालाच.

त्याऐवजी आता मीच विद्यार्थी बनतो. शिष्यवृत्तीचा एक बनावट अर्ज मीच लिहिलाय, सुरुवात अर्थात ‘आय ॲम बिलाँगिंग टू पुअर फॅमिली’. तो घेऊन उमेदवारासमोर बसायचं आणि म्हणायचं, ‘सर, एवढं बघून द्या की.’

यंदाच्या सुवर्णपदकवाल्या तरुणानं कागद माझ्या हातातून घेतला तो परत दिलाच नाही. पाच मिनिटांत अर्ज निर्दोष झाला, त्यातला मुलगा मात्र नाहीसा झाला. दुसरे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी अर्ज बाजूला सारून मला परिस्थितीशी झगडण्यावर व्याख्यान दिलं. चांगलं होतं व्याख्यान; प्राचार्यांनी मान डोलावली.

मग खानापूरकडची एक मुलगी आली. तिनं मला वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘शेवटी बहिणीची फी भरायची आहे असं एका ओळीत लिहिलंयस. बहीण कितवीला आहे?’

आता बहीण मी भर म्हणून घातलेली. ‘नववीला,’ म्हणालो.

‘मग तिची फी आत्ता कोण भरतंय?’

मी प्राचार्यांकडे पाहिलं, त्यांनी खिडकीकडे. शेवटी एक मामा जन्माला घातला. तिनं विचारलं, ‘हे वर का नाही लिहिलंस? पुअर फॅमिली तर सगळेच लिहितात की.’ आणि गप्प बसली. चांगली अर्धा मिनिट. मुलाखतीत गप्प बसायला छाती लागते. मी खरोखरच पेन उचलून मामाला पहिल्या ओळीत आणला.

नंतर आमच्यात बरीच वादावादी झाली. ‘ॲम बिलाँगिंग’ तिला दिसलंच नाही, हा प्राचार्यांचा आक्षेप खराच होता. कन्नडचे सर म्हणाले, ते तिला आठवड्यात शिकवता येईल. पदकवाल्याला गप्प बसायला कोण शिकवणार? मी त्यांच्या बाजूनं हात वर केला. निवृत्त गुरुजींना स्नेहसंमेलनाला बोलवायचं ठरलं.

त्याआधी, मुलाखत संपल्यावर ती मुलगी फाइल उचलून दारापर्यंत गेली आणि वळली. ‘सर, त्या अर्जाची शेवटची तारीख काय आहे?’

‘येत्या शुक्रवारी,’ म्हणालो. आता बहीण आणि मामा होतेच, एका तारखेनं काय बिघडणार होतं?