शेवटचा फर्मा

निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक टपालाने आलं आणि ते हिरवं निघालं.

दुपारची वेळ, जेवण झालेलं, डोळ्यांवर पेंग. पाकीट फोडलं आणि झोप उडाली. चित्र तेच होतं. तेच तिरकं दीपगृह, तीच होडी, होडीत उभी असलेली तीच तीन मुलं (होडीत असं कुणी उभं राहत नाही, हे मला तेव्हाही कळायचं). पण समुद्र हिरवागार. माझ्या आठवणीतला समुद्र निळा होता, आणि त्या निळ्याच्या भरवशावर मी दोन वर्षं हे पुस्तक शोधत होतो.

शोधत होतो म्हणजे लोकांना छळत होतो. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, ‘निळं होतं हो, एवढं एवढं जाड’ असं सांगणारं गिऱ्हाईक जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांना नवं नसतं. ते मान डोलावतात आणि आपल्या कामाला लागतात. नावाऐवजी निदान आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीचा, आकडा असता तर! पण ती पद्धत आंतरराष्ट्रीय झाली १९७० मध्ये, आणि हे पुस्तक त्याआधीचं, बिननंबराचं. शेवटी एका विक्रेत्याच्या यादीत काळंपांढरं छायाचित्र दिसलं. होडीत उभी तीन मुलं! लगेच पैसे पाठवले.

किशोर कादंबऱ्यांचं नशीबच जरा खोटं. मोठ्यांची पुस्तकं कुणी वाचत नाही म्हणून टिकतात. ही पालथं पडून, झाडावर बसून, ओल्या हातांनी वाचली जातात आणि संपतात. शिवाय त्यांचा वाचक चार-पाच वर्षांत मोठा होऊन निघून जातो. पुन्हा छापा म्हणून आग्रह धरायला उरतं कोण? पुढे हक्क कुणाकडे आहेत तेही सापडेनासं होतं. अशा पुस्तकांना कायद्यातली मंडळी ‘अनाथ’ म्हणतात. मला या शब्दाची गंमत वाटली, कारण त्या गोष्टींतली मुलंही बहुतेक अनाथच असायची. नसली तर आईवडलांना पहिल्याच प्रकरणात कुठेतरी लांब धाडलेलं असायचं. आई घरात असताना तस्करांचा पाठलाग करता येत नाही, हे लेखकांना पक्कं ठाऊक होतं.

तर, तो निळा रंग. छपाईत हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळा. ऊन लागलं की पिवळी आणि गुलाबी शाई आधी उडते, निळी आणि काळी तग धरून राहतात. आमची प्रत कायम खिडकीत पडलेली असायची. म्हणजे माझा निळा खोटा नव्हता, उन्हाने केलेला होता. हे लक्षात आल्यावर मला उगाचच बरं वाटलं.

मग थेट १६१ वं पान काढलं.

कारण आमची प्रत १६० व्या पानावर संपायची. ‘त्याने कंदील वर धरला आणि’, बस्स. पुढे पुठ्ठा. एक कागद तीनदा दुमडला की १६ पानांचा एक फर्मा होतो; असे अकरा फर्मे, १७६ पानं. त्यातला अकरावा आमच्याकडे नव्हताच. त्यावाचून माझं काही अडलं नाही, कारण ताईने पुस्तक माझ्याआधी, चांगलं अख्खं असताना वाचलं होतं. शेवट ती सांगायची. दिवे मालवल्यावर, पांघरुणातून, हळू आवाजात. कंदिलाच्या उजेडात दीपगृहाचा म्हातारा रखवालदार दिसतो. तो आंधळा असतो. दिवा लागलाय की नाही हे तो काचेला तळहात लावून, ऊब बघून ठरवत असतो. वीस वर्षं. चोर वगैरे कुणी नसतोच. मी रोज तेवढंच सांगायला लावायचो, आणि ती तळहात माझ्या गालाला लावून सांगायची.

१६१ व्या पानावर कंदिलाच्या उजेडात पोलीस अधिकारी उभा होता. पुढची पंधरा पानं बक्षीस समारंभ. प्रत्येक मुलाला एकेक दुर्बीण, आणि काकांचं प्रामाणिकपणावर भाषण. सबंध भाषण! रखवालदार कुठेच नाही. मी मागून पुढे, पुढून मागे सगळं चाळलं. कागद इतका कडक झालाय की दोन पानांचे कोपरे हातात आले.

ताईला फोन लावला. ती आधी खूप हसली.

“अरे, ते पुस्तक आपल्याकडे आलंच तसं होतं. तू भोकाड पसरलंस. मग काहीतरी सांगायला नको?”

“आणि तो म्हातारा? काचेला हात लावणारा?”

“कोण म्हातारा?”

मी म्हटलं, काही नाही, जाऊ दे. मग तिच्या गुडघ्यांवर बोललो, आणि फोन ठेवला.

पुस्तक खिडकीत ठेवलंय. तिथे दुपारभर ऊन येतं.