गॅस काढायचे पैसे कसले?

मे महिन्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या एका मंगल कार्यालयाचं काम घेतलं. गच्चीवरची चार जुनी डक्टेबल (म्हणजे मोठ्या नळातून हॉलभर थंड हवा पोचवणारी) एसी मशिनं उतरवायची, नवी चढवायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसेप्शन. एसीची आठवण लोकांना लग्नाच्या आदल्या दिवशीच का होते, हे मला इतकी वर्षं या धंद्यात काढूनही कळलेलं नाही.

आम्ही पोचायच्या आधीच भंगारवाला टेम्पो लावून बसला होता. हातात हॅक्सॉ. "शेठ, तुम्ही चहा घेऊन या, तोवर पाइप मोकळे करतो." तांब्याचा त्या दिवसाचा भाव त्याला तोंडपाठ होता. आतला गॅस म्हणजे त्याच्या लेखी पाइप कापताना होणारा फुस्स आवाज. त्याला तरी काय बोलणार? आमच्यातले बहुतेक मेकॅनिकही तेच करतात, आणि ज्यांच्याकडे रिकव्हरी मशीन (गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये ओढून घेणारं) आहे त्यांचंही ते दुकानात धूळ खात असतं.

चारही मशिनांत आर-२२ हा थंडाव्यासाठीचा जुना गॅस होता, प्रत्येकात चार किलोच्या आसपास. हा गॅस ओझोनला मारक आहेच, शिवाय एक किलो सोडला तर १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून मी भंगारवाल्याला थांबवलं. कार्यालयाचा मॅनेजर तोंड वाकडं करून खाली गेला.

सकाळचे आठ वाजले होते, ऊन अजून टाकीमागेच होतं आणि मशिनं रात्रभर बंद होती. प्रेशर तपासायला यापेक्षा चांगली वेळ नाही. एकच शुद्ध गॅस असेल आणि आत थोडाही द्रव शिल्लक असेल, तर प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. गॅस किती आहे याला महत्त्व नाही. ३० अंशांना आर-२२ सुमारे १५८ पीएसआय (प्रेशरचं माप) दाखवणार. तीन मशिनांनी जवळपास तेवढंच दाखवलं. एकाचा काटा १९० च्या पुढे. म्हणजे आत एकतर हवा आहे, नाहीतर आधीच्या कोणा महाभागाने जास्त प्रेशरचा दुसराच गॅस 'टॉप-अप' म्हणून मारलाय. माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, एकाच सिलिंडरमध्ये घेऊ की सगळं, कोणाला कळतंय?" तसं केलं असतं तर उरलेल्या तिघांचा चांगला गॅसही वाया गेला असता. त्या मशिनसाठी वेगळा सिलिंडर लावला.

रिकव्हरीचं काम दिसायला सोपं असतं. होज जोडा, फिल्टर लावा, आधी द्रव ओढा, मग वाफ, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. पण पुण्याच्या मे महिन्यात गच्चीवर अकरा वाजले की सिलिंडर तापतो, आतलं प्रेशर चढतं आणि रिकव्हरी मशीन दर थोड्या वेळाने ट्रिप होतं. शेवटी खाली केटररकडून बर्फाची लादी मागून आणली आणि सिलिंडर बादलीत बुडवले. त्यानंतर काम सुरळीत झालं. व्हॅक्यूमपर्यंत ओढल्यावरच भंगारवाल्याला पुढे येऊ दिलं. तो जेवून, झोपून, परत आला होता.

सरकारी योजनेतल्या ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या माँट्रिअल कराराबद्दल ऐकलं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सीएफसी गॅसचा ओझोनला असलेला धोका सांगितला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरची ओझोनची घट जगापुढे आली आणि १९८७ मध्ये करार झाला. आज १९८ सदस्य आहेत, म्हणजे जगातला एकही देश बाहेर नाही. भारत १९९२ मध्ये आत आला. गरीब देशांना कारखाने बदलायला पैसे देणारा निधीही आहे. आर-२२ बंद करायला आपल्याला २०३० ची मुदत आहे, त्यानंतर २०४० पर्यंत दुरुस्तीपुरता अगदी थोडा. पुढे याच करारात किगालीची दुरुस्ती आली, तीत नव्या एसीतल्या आर-३२ सारख्या गॅसचं प्रमाणही आपल्याकडे २०२८ पासून गोठवणार, म्हणजे त्यापुढे वाढू द्यायचं नाही. हे सगळं खरोखर चालतं आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

पण करार मोजतो काय? किती बनवला, किती आयात केला, किती निर्यात केला. मूठभर कारखाने आणि बंदरं, त्यामुळे हिशेब लागतो. चोरीही सापडते. बंदी घातलेला सीएफसी-११ हा गॅस हवेत अपेक्षेप्रमाणे घटत नाहीये हे २०१८ मध्ये लक्षात आलं आणि पुढच्याच वर्षी कोरियाच्या जेजू आणि जपानच्या हातेरुमा बेटांवरच्या नोंदींवरून बोट पूर्व चीनकडे गेलं. माझ्या गच्चीवरचा फुस्स मात्र कुठल्याच बेटावर दिसत नाही. एकदा मशिनमध्ये भरला की तो गॅस कोणाच्याच वहीत उरत नाही.

आता माझ्या दुकानात ते सिलिंडर उभे आहेत. शुद्ध गॅस गाळून एखाद्या जुन्या मशिनला वापरता येईल. मिसळलेल्याचं काय? तो सहसा पुन्हा वापरता येत नाही, बहुतेक वेळा प्रचंड तापमानाला जाळून संपवावा लागतो. मी ज्यांना ज्यांना फोन केले त्यांच्यापैकी कोणी तो घ्यायला तयार नाही. गॅसच्या डीलरने "नवा भरलेला घेऊन जा, त्याचं काय घेऊन बसलात" म्हणून विषय संपवला. दुसऱ्याने रात्री वाल्व्ह उघडून ठेवायचा सल्ला दिला. तो सिलिंडर रिकामा झाला नाही तर पुढच्या कामाला मला नवा घ्यावा लागेल, आणि तो काही स्वस्त येत नाही.

बिलात मी 'गॅस रिकव्हरी' अशी एक ओळ लिहिली होती. मॅनेजरने तिच्यावर पेन टेकवलं. "अहो, भरायचे पैसे समजू शकतो. काढायचे कसले?" मी माँट्रिअलपासून सुरुवात केली, त्याने मधेच तोडून मालकाला फोन लावला. घासाघीस होऊन अर्धे मिळाले. आता कोटेशनमध्येच ती ओळ सगळ्यात वर लिहितो. दोन गिऱ्हाइकांनी ती बघून दुसरा मेकॅनिक बोलावला.