चार किलोचा अख्खा खांदा नको, किलो-किलोचे चार तुकडे धुरावर ठेवा

डुकराच्या खांद्याचा ४ किलोचा तुकडा ११० अंश सेल्सिअसच्या धुरावर शिजायला १२ तास सहज खातो. त्याच खांद्याचे किलो-किलोचे चार तुकडे केले की ५-६ तासांत काम आटोपतं. मराठवाड्यात पारा ४२ च्या पुढे गेलेला असताना निखारे आणि मटण ठेवून धूर देतात त्या लोखंडी ड्रमजवळ दिवसभर बसणं काही खरं नाही. पहाटे ५ ला कोळसा पेटवला तर दुपारच्या जेवणाला मटण पानात येतं. शिवाय लहान तुकडा आतपर्यंत लवकर तापतो, म्हणजे जंतू वाढायला कमी वेळ मिळतो. आपल्या उन्हाळ्यात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

पण नुसतं वजन कमी करून भागत नाही. शिजायला लागणारा वेळ ठरतो जाडीवर. दोन किलोचा चपटा तुकडा एक किलोच्या गोळ्याएवढ्याच वेळात शिजतो. म्हणून चारही तुकडे ७-८ सेंमी जाडीचे ठेवा, लोंबणारी टोकं सुती दोऱ्याने बांधून घ्या, नाहीतर ती आधी करपतात. दुकानात सवयीने सत्तूर चालवून रश्श्याचे तुकडे केले जातात, तेव्हा आधीच सांगा: हाड काढून, चरबी ठेवून, किलो-किलोचे चार. ६०० ग्रॅमच्या खाली जाऊ नका, चरबी वितळायच्या आत मांस कोरडं पडतं. कापलेली बाजू नीट पाहा. तांदळाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे पांढुरके फोड दिसले तर त्या पट्टकृमीच्या अळ्या असतात, ते मटण घेऊच नका.

आता खरी गंमत. चौकोनी ठोकळा उभा-आडवा कापून चार केले की सहा बाजूंएवढ्या पृष्ठभागाचा दहा बाजूंएवढा होतो. जास्त बाजूंवर मसाल्याची काळसर, चिवट पापडी धरते, आणि धुरावरच्या मटणात सगळ्यांचे हात आधी तिच्याकडेच जातात. पण याच कारणाने मीठ चुकतं. हाताच्या अंदाजाने सगळ्या बाजूंना भुरभुरलं तर मटण खारट झालंच म्हणून समजा. किलोला १५ ग्रॅम, वजन करूनच. आदल्या रात्री मीठ चोळून तुकडे फ्रिजमध्ये उघडे ठेवा. सकाळी किलोमागे दोन चमचे लाल तिखट, एक चमचा धनेपूड आणि अर्धा चमचाच काळा मसाला. तो आधीच खरपूस भाजलेला असतो, जास्त झाला तर धुराबरोबर कडवटपणा वाढतो.

धुराचंही तसंच. मांस थंड आणि ओलसर असेपर्यंत धूर चांगला चिकटतो, आणि इथे ओला पृष्ठभाग जास्त. मोठ्या खांद्याला लागतं तेवढं लाकूड घातलं तर जिभेला झोंबतं. मुठीएवढी तीन-चार ढलपी पुरेत, तीही सुरुवातीलाच. जालना, छत्रपती संभाजीनगरकडे मोसंबीच्या जुन्या बागा तुटतात, ते वाळलेलं लाकूड या कामाला फार छान. आंबा, पेरूही चालतो. कडुनिंब, निलगिरी आणि रंग दिलेली फळी नको. निखाऱ्याला बाभळीचा कोळसा घ्या, सुमारे ३ किलो. दाट पांढरा धूर निघत असताना मटण आत ठेवू नका. धूर विरळ, निळसर झाला की ठेवा. ड्रम कीटकनाशकाचा असेल तर कितीही जाळून घेतला तरी वापरू नका.

तुकड्यांमध्ये ४-५ सेंमी अंतर हवंच. एकमेकांना चिकटले की ते पुन्हा एकच मोठा तुकडा होतात, आणि चिकटलेल्या बाजू उकडल्यासारख्या पांढऱ्या राहतात. चार थंड तुकडे एकदम आत गेले की ड्रमची उष्णताही उतरते. घाबरून ड्रमचं खालचं हवेचं भोक पूर्ण उघडू नका, वीस मिनिटं थांबा.

आतलं तापमान ६५ ते ७५ च्या दरम्यान अडून बसतं. मांसातलं पाणी बाहेर येऊन वाफ होतं आणि घाम आल्यासारखा तुकडा स्वतःला गार ठेवतो. लहान तुकड्यात ही अडवणूक कमी वेळ टिकते, पण टळत नाही. पापडी नखाने खरवडून निघत नसेल तर फॉइलमध्ये गुंडाळा, सुटणारा रस आतच ठेवा.

चारही तुकडे एकाच वेळी होतील अशी अपेक्षा ठेवू नका. निखाऱ्याच्या बाजूचा अर्धा तास आधी होतो. प्रत्येकाच्या मधोमध थर्मामीटर घालून बघा. ९३-९५ अंश आणि काडी उकडलेल्या बटाट्यात जावी तशी गेली की तोच तुकडा उतरवा, बाकीचे राहू द्या. उतरवलेला फॉइलसकट स्टीलच्या डब्यात घालून गोधडीत गुंडाळून ठेवा, शेवटचा येईपर्यंत तो गरम राहतो. फॉइलमधला रस टाकू नका, मटण मोकळं करताना त्यातच कालवा.

मांडीच्या मटणाला हा हिशोब लावू नका. त्यात चरबी कमी असते, ९३ पर्यंत नेलं तर त्याचा भुसा होतो. ते ६८-७० ला उतरवून, दहा मिनिटं थांबून पातळ काप करा.