तीन लेन्सची एकच कड

तीन वापरलेल्या लेन्स, तिन्ही वेगवेगळ्या लोकांकडून घेतलेल्या, आणि तिन्हींच्या फोटोत उजवी कड सॉफ्ट, म्हणजे धूसर. ३५, ८५ आणि ७०-२०० मिमीच्या. एखादी लेन्स अशी निघणं समजू शकतं. कधीतरी पडलेली असते, आतलं एखादं भिंग जागचं हललेलं असतं, विकणारा सांगत नाही किंवा त्यालाच माहीत नसतं. पण तिन्ही, आणि त्याही एकाच बाजूला? असं दिसलं की लेन्सवरचा संशय बाजूला ठेवायचा आणि तिन्हींच्या वाटेत समान काय आहे ते शोधायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी या नव्या किटचं पहिलं काम होतं, त्यामुळे शोधायला हातात तेवढा एकच दिवस होता.

आधी किटबद्दल. जुनं किट सगळंच्या सगळं गेलं. कसं गेलं हा इथला विषय नाही. जुनी यादी काढून तेच पुन्हा विकत घेणं सर्वांत सोपं होतं. ते टाळलं, कारण जुनं किट कुणी विचार करून जमवलेलं नव्हतं, ते साठत गेलं होतं. शाबूत होत्या त्या जुन्या फाइल्स. एक्झिफटूल हा प्रोग्रॅम वापरून प्रत्येक फाइलमधली फोकल लेंग्थ (मिमीत; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफ/चा आकडा लहान तितकं ते जास्त उघडं), आयएसओ आणि शटर स्पीड एका तक्त्यात काढता येतात. मात्र हे आकडे वाचताना दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, काढलेले सगळे फोटो मोजायचे नाहीत, ग्राहकाच्या हाती गेलेले तेवढेच मोजायचे. नाहीतर सलग धडाधड घेतलेल्या फ्रेम आकडे फुगवतात. दुसरं, झूमच्या दोन टोकांना साचलेल्या ढिगांवर विश्वास ठेवायचा नाही. २४-७० वर ७० ला मोठा ढीग दिसला म्हणजे ७० आवडतं असं नव्हे. बहुतेक वेळा तिथे ८५ किंवा १०० हवं होतं आणि रिंग ७० ला अडली. २४ च्या ढिगाचंही तेच, पाठीमागे भिंत लागली होती. मधले आकडे जास्त खरं बोलतात. आणि जे फोटो लेन्स नव्हती म्हणून घेताच आले नाहीत, ते कुठल्याच तक्त्यात सापडत नाहीत; ते आठवूनच लिहावे लागतात.

त्यातून ठरलं ते असं: ४५ मेगापिक्सेलच्या दोन सारख्या फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) बॉडी, कॅननच्या आरएफ माउंटच्या. माउंट म्हणजे लेन्स बॉडीवर बसते ती बैठक. बॅटरी एक, चार्जर एक, मेनू एक. सर्वसाधारण कामासाठी २४-१०५ एफ/४ ही त्याच माउंटची. बाकी तीन लेन्स जुन्या ईएफ माउंटच्या: ३५ एफ/२, ८५ एफ/१.८ आणि ७०-२०० एफ/२.८. ईएफ माउंट १९८७ पासूनचं, त्यामुळे वापरलेला माल भरपूर. शिवाय त्या माउंटच्या लेन्समध्ये फोकसची मोटर आणि ॲपर्चर दोन्ही लेन्समध्येच आणि विजेवर चालणारी आहेत. त्या नव्या बॉडीवर बसवायला मधे एक कडं लागतं, तो अडॅप्टर. त्याला यांत्रिक काम काही उरत नाही. विजेचे संपर्क पुढे न्यायचे आणि अंतर भरून काढायचं. ईएफमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी, आरएफमध्ये २० मिमी. उरलेले २४ मिमी म्हणजे अडॅप्टर. आत काच नसते, म्हणून लोकांना तो एक पोकळ नळीचा तुकडा वाटतो आणि तिथे पैसे वाचवले जातात. माझ्याकडे दोन होते: एक बॉडीच्याच कंपनीचा, दुसरा इतर कुणी बनवलेला. सकाळच्या चाचण्या या दुसऱ्यावर चालल्या होत्या.

चाचणीची पद्धत. सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पानं पाच जागी ताणून चिकटवायची, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. कॅमेरा ट्रायपॉडवर. भिंत आणि सेन्सर समांतर आहेत की नाही हे नजरेने ठरवायचं नाही. मधल्या पानावर लहानसा सपाट आरसा भिंतीला टेकवून धरायचा आणि कॅमेऱ्यात पाहायचं. लेन्सला स्वतःचंच प्रतिबिंब फ्रेमच्या अगदी मधोमध दिसलं की कॅमेरा भिंतीशी काटकोनात आहे. अंतर फोकल लेंग्थच्या साधारण पन्नासपट: ८५ साठी सव्वाचार मीटर, २०० साठी दहा. आयएसओ १००, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, फोकस हाताने आणि स्क्रीनवर दहापट मोठं करून. सेंट्रल कॉलम वर काढायचा नाही, तो खांब झाला की ट्रायपॉडचे तीन पाय वाया जातात.

मधोमध फोकस करून पूर्ण उघड्या ॲपर्चरला घेतलेल्या फोटोत उजवीकडची अक्षरं पसरलेली, डावीकडची वाचता येणारी. एफ/८ ला दोन्ही सारखी. ही शेवटची गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण वापरलेली लेन्स घेताना पुष्कळ जण भर उन्हात, एफ/८ ला दोन फोटो काढून समाधानाने निघून जातात.

पहिला प्रश्न: दोष भिंतीचा की कॅमेऱ्याचा? एल-ब्रॅकेटवर (कॅमेरा आडवा किंवा उभा बसवायची एल आकाराची पट्टी) कॅमेरा उभा केला. भिंत तिरकी असती तर सॉफ्टपणा भिंतीच्या उजव्या टोकालाच राहिला असता. तो फ्रेमबरोबर फिरला. म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूचं काहीतरी.

दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे. भिंग सरकलंय की सगळी लेन्सच किंचित तिरकी बसलीय? दोन्हींत एक कड बिघडते, पण ओळखायची खूण वेगळी. फोकस मधोमध न करता थेट त्या बिघडलेल्या कडेवर करायचा. आतलं भिंग सरकलेलं असेल तर रिंग कितीही फिरवा, ती कड नीट होत नाही. अक्षरांना एका बाजूला शेपटी राहतेच. लेन्स तिरकी बसली असेल तर कड लख्ख होते, फक्त फोकसच्या वेगळ्या जागी. इथे रिंग केसभर अनंताकडे नेली की उजवी कड डावीइतकीच तीक्ष्ण होत होती. म्हणजे काच निर्दोष, बैठक तिरकी.

मग डावी कड का बिघडत नव्हती? तिरकेपणा तर दोन्हीकडे सारखाच, फक्त उलट दिशेने. याचं कारण बहुतेक लेन्सची फोकसची पातळी मुळात पूर्ण सपाट नसते, कडांना थोडी वळलेली असते. तिरकेपणा एका बाजूला त्या वळणात भर घालतो आणि दुसऱ्या बाजूला ते खोडून काढतो. म्हणून एकच कड ओरडते.

आता बैठक कुठली, बॉडीची की अडॅप्टरची? सहज हात जातो तो आरएफच्या २४-१०५ कडे: ती थेट लावायची आणि कडा पाहायच्या. पाहिल्या, समान होत्या. पण हा पुरावा लंगडा आहे. ती लेन्स एफ/४ पासून सुरू होते आणि तिरकेपणा एफ/४ ला जवळपास लपतो. सेन्सरच्या बाजूला किती ढिलाई चालते याचा ठोकताळा सोपा आहे: एफ-नंबर गुणिले मान्य धूसरपणा. ४५ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००४४ मिमी, म्हणून धूसरपणा ०.००५ मिमी धरला. एफ/१.८ ला सवलत ०.००९ मिमी, एफ/२.८ ला ०.०१४, एफ/४ ला ०.०२ आणि एफ/८ ला ०.०४. त्यामुळे बॉडीला निर्दोष ठरवायचं तर तोच अडॅप्टर आणि तीच ८५ दुसऱ्या बॉडीवर लावून पाहणं भाग होतं. तिथेही उजवी कडच गेली. दोन बॉडींना एकाच दिशेचा एकसारखा दोष असणं फार कठीण. पहिल्या बॉडीवर बॉडीच्या कंपनीचा अडॅप्टर लावला, आणि एफ/१.८ ला दोन्ही कडा जुळल्या.

इतकं पुरेसं होतं, तरी इतर कुणी बनवलेला तो अडॅप्टर मोजून पाहिला. यासाठी साधा व्हर्नियर उपयोगाचा नाही. त्याचं लघुत्तम माप ०.०२ मिमी आणि आपल्याला त्याच आकाराचा फरक पकडायचाय. शून्य ते २५ मिमीचा मायक्रोमीटर घेतला, ०.०१ मिमीचा. अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंच्या कडेची सपाट धातूची पट्टी आहे तिथेच जबडे टेकवायचे, आतल्या दातांवर नाही, आणि रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर घसरणारी टोकाची मूठ) आवळायचं. समोरून पाहता डावीकडे २३.९२, वर आणि खाली २३.९५, उजवीकडे २३.९८. कडेपासून कडेपर्यंत ०.०६ मिमीचा उतार. माउंटचा व्यास साधारण ६० मिमी धरला तर ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर तो ०.०३६ होतो, म्हणजे मध्यापासून प्रत्येक कडेला ०.०१८. वरच्या आकड्यांशी ताडून पाहा: एफ/१.८ आणि २.८ ला सवलतीबाहेर, एफ/४ ला उंबरठ्यावर, एफ/८ ला गायब. फोटोत दिसत होतं ते हेच.

सरासरी जाडीही २४ पेक्षा कमी आहे, ती बहुधा मुद्दाम. जाड अडॅप्टरवर लेन्स अनंतापर्यंत फोकस होत नाही आणि तक्रार लगेच येते. पातळ असला तर लेन्स अनंताच्या पुढे जाते आणि कुणाला कळत नाही. ऑटोफोकस ते सांभाळून घेतो. मात्र अंतराच्या खुणांवर विसंबून अंधारात फोकस लावणाऱ्याने त्या खुणा विसराव्यात. माउंटचे स्क्रू घट्ट होते, म्हणून खोलायच्या भानगडीत पडलो नाही. कुणाला खोलायचेच असतील तर जेआयएस (जपानी प्रमाणाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या. या स्क्रूंवर फिलिप्स घसरतो आणि डोकं खातो.

हे चालू असताना लॅपटॉपवर मेमरी कार्डं तपासून होत होती. एफ-थ्री किंवा एचटूटेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून परत वाचतं, त्यामुळे छापलेली क्षमता खोटी असेल तर उघडी पडते. १२८ जीबीला वेळ लागतो, तेव्हा हे काम सकाळीच लावून द्यावं. रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल सरासरी ४५ एमबी धरली तर १२८ जीबीत सुमारे २,८०० फ्रेम मावतात. दोन्ही स्लॉटमध्ये एकाच वेळी लिहायचं ठेवलं की वेग मंद कार्डाचा मिळतो, म्हणून सीएफएक्स्प्रेस या वेगवान कार्डाच्या जोडीला व्ही९० चं एसडी. व्ही९० म्हणजे सेकंदाला किमान ९० एमबी सलग लिहिण्याची हमी. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग वाचण्याचा असतो, त्याला भुलू नये.

फ्लॅशमध्ये एकच गोष्ट अडली. ट्रिगर जोडलेला, दिवा हिरवा, फ्लॅश मात्र उडत नाही. बॉडी इलेक्ट्रॉनिक शटरवर होती, म्हणजे पडदा न हलता सेन्सरच ओळीओळीने वाचला जातो. कित्येक मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडी त्या शटरवर फ्लॅश सोडतच नाहीत. शिवाय त्या शटरवर या बॉडीचा सेन्सर वरून खाली वाचायला साधारण १/६० सेकंद घेतो. ५० हर्ट्झ विजेवरचे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणजे तेवढ्या वेळात दीडेक चक्र, आणि फोटोत आडवे पट्टे. त्यामुळे दोन्ही बॉडींवर मेकॅनिकल शटर ठरवून टाकलं, इलेक्ट्रॉनिक फक्त एका कस्टम बटणावर.

सेन्सरवरच्या धुळीसाठी एफ/१६ ला कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाचा फोकसबाहेरचा फोटो. डाग फोटोत वर उजवीकडे दिसला तर कॅमेऱ्यात समोरून डोकावताना तो खाली उजवीकडे शोधायचा. वर-खाली उलटतं, डावं-उजवं तसंच राहतं. हातपंपाने निघाला. डब्यातली दाबाची हवा वापरू नये, तिच्यातला द्रव सेन्सरवर उडतो.

फिल्टर एकच, ७७ मिमीचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा). ७०-२०० आणि २४-१०५ दोन्हींचा आटा ७७ चा. ३५ चा ६७ आणि ८५ चा ५८, त्यांना लहान आट्यावर मोठा फिल्टर बसवणाऱ्या स्टेप-अप रिंगा. रिंग लावली की हूड बसत नाही, तेवढं सोसायचं.

उरलेल्या एका अडॅप्टरवर दुसऱ्या दिवसाचं काम कसं करायचं? अडॅप्टर लेन्सला न लावता दुसऱ्या बॉडीला कायमचा लावून ठेवला. ती बॉडी म्हणजे आता ईएफ बॉडी. तिन्ही जुन्या लेन्स तिच्यावरच फिरणार, झाकणंही ईएफचीच राहणार, आणि पहिल्या बॉडीवरून २४-१०५ उतरणार नाही. ७०-२०० दीड किलोची आहे, ती लावल्यावर बॉडीला धरून उचलायचं नाही आणि ट्रायपॉडला लेन्सची कॉलरच (लेन्सभोवतीचं कडं) लावायची. नाहीतर अडॅप्टरच्या दोन्ही जोडांवर सगळा भार येतो. दोन्ही बॉडींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवली, फाइलच्या नावांना वेगवेगळी अक्षरं दिली.

सदोष अडॅप्टर परत पाठवायच्या खोक्यात गेला. सोबत चार मापांचा कागद, आणि एकाच बॉडीवर, एकाच लेन्सने, दोन अडॅप्टर वापरून घेतलेले उजव्या कडेचे दोन तुकडे. नुसतं 'सॉफ्ट येतंय' लिहिलं की विक्रेता लेन्सकडे बोट दाखवतो.