ओळींच्या वहीपासून आजपर्यंत : आमची वाटचाल

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावर वडिलांचे चार यंत्रमाग होते आणि विणकरांची मजुरी नगावर ठरत असे. टॉवेल उतरले की नग मोजायचे, वहीत मांडायचे आणि आठवड्याला हिशेब चुकता करायचा, हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळे टॉवेल-चादरींच्या कारखानदारांसाठी सूत, मजुरी व बिलांची सॉफ्टवेअर करून देणारी लहानशी कंपनी मी सुरू केली, तेव्हा प्रोग्रामरचे काम मोजायलाही तीच वही काढली : कोणी प्रोग्रामच्या किती ओळी लिहिल्या.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला. चादर-टॉवेलच्या नगाची विक्री किंमत 1,000 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्यापुढे 12 टक्के कर, ही एकच अट आमच्या मुलांनी बिल, कोटेशन, परत आलेला माल अशा सहा ठिकाणी सहा वेळा लिहिली, कारण प्रत्येक वेळी वहीतल्या ओळी वाढत होत्या. माझ्या हिशेबाने तो महिना उत्तम गेला. मग एका कारखानदाराने एकाच चादरीचे दोन कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बिलावर 12 टक्के होते आणि माल परतीच्या नोंदीवर 5. "यातला खरा कुठला धरू?" एवढेच त्यांनी विचारले.

आमच्याकडील एका मुलीने तीन दिवस बसून सहाही ठिकाणची अट एकत्र आणली आणि दर तारखेनुसार एका तक्त्यात ठेवले. ओळी वाढण्याऐवजी कमी झाल्याने त्या आठवड्यात तिच्या नावापुढे उणे आकडा आला, म्हणून मी तिची पगारवाढ रोखली. तो सरळसरळ अन्याय होता. पुढच्या पगारात मी तो दुरुस्त केला आणि सर्वांसमोर तिची माफी मागितली. ॲपलमध्ये लिसा संगणकावर काम करणाऱ्या बिल ॲटकिन्सन यांनी 1982 मध्ये साप्ताहिक तक्त्यात उणे 2,000 ओळी लिहिल्या होत्या आणि काही आठवड्यांत त्यांच्याकडून तो तक्ता मागणेच बंद झाले, हे मला नंतर कळले.

खरे तर हा फरक मला वडिलांच्या धंद्यातच दिसायला हवा होता. दुसरा टॉवेल पहिल्यासारखाच असतो, म्हणून विणकराचे नग मोजता येतात. पण चादरीची नक्षी आलेख कागदावर काढून जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची, कार्डे पाडणाऱ्या कारागिराला वडिलांनी भोके मोजून कधी पैसे दिले नाहीत.

आता आम्ही सॉफ्टवेअरच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या डोरा या संशोधन गटाने मांडलेली चार मापे पाहतो : बदल किती वेळा देतो, तो ग्राहकाकडे पोहोचायला किती वेळ लागतो, त्यांतले किती बिघडतात आणि बिघाड किती वेळात निस्तरतो. ही मापे साऱ्या गटाची असतात, कोणा एकाच्या नावावर मांडली जात नाहीत, कारण दिवसभर सहकाऱ्याची अडचण सोडवणाऱ्याचे काम एकट्याच्या आकड्यात दिसतच नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटीची मर्यादा 2,500 रुपये झाली आणि वरचा दर 18 टक्के. त्या मुलीच्या तक्त्यात आम्ही एक ओळ वाढवली. सकाळी नवी बिले नव्या दराने निघाली आणि आदल्या दिवशीच्या बिलावरचा परत आलेला माल जुन्याच दराने नोंदला गेला.